बैठ्या घरातून, माडीवालीला

अक्का, काल तुझं तेरावं झालं. दारातला मांडव उतरवला, मोठी पातेली ज्याची त्याला परत गेली, पाहुणे दुपारच्या एस.टी.नं भोरला गेले. त्या पाहुण्यांत दाजींच्या नात्यातली एक म्हातारी होती. फाट्यावर कुणी तिला विचारलं, कुठं निघालात आजी, तर म्हणाली, "माडीवाली गेली न्हवं का, तिच्या हितं." तू गेलीस, तरी माडीवालीच राहिलीस. मी तुझ्या पाठची बहीण आणि तुझीच धाकटी जाऊ. तेरा दिवस तुझ्या घरात राबले. आणि तीच म्हातारी निघताना माझ्याकडं बघून विचारते, "ही कोण गं?" कुणीतरी सांगितलं, "त्या खालच्या घरातल्या."

खालच्या! आपली दोन्ही घरं एकाच सपाट जागेवर आहेत. मधे चार हातांचा बोळ, तेवढंच अंतर. तरी मी खालची.

मला राग आला. तुझ्या तेराव्याच्या जेवणात, हातात बुंदीचं ताट असताना, मला तुझाच राग आला. आता हे कुणाला सांगणार? आमच्या घरातल्यांना सांगितलं तर ते म्हणतील, गेलेल्या माणसावर कसलं जळतेस. म्हणून तुलाच सांगते. तीस वर्षं अंगणवाडीच्या वह्या भरल्यात, लिहायला मला काही वाटत नाही. बोलायलाच वाटायचं.

आपल्याला सगळं सारखं मिळालं, हे तू नाकारू नकोस. आई भोरच्या बाजारात एक परकर घ्यायची नाही, दोन घ्यायची, एकाच रंगाचे. तुझा लांब, माझा आखूड, एवढाच फरक. एकाच मांडवात आपली लग्नं झाली, दोन भावांना दोघी बहिणी दिल्या. दोघींच्या अंगावर सारखाच हिरवा शालू होता. निघताना आई म्हणाली होती, "एकीला कमी न्हाई, एकीला जास्त न्हाई. आता तुमीच बघा." आपण पाहिलंही. बावीस वर्षं एका चुलीवर राहिलो. तुझी पोळी जास्त फुगली की मला वाईट वाटायचं आणि माझ्या मुलीला मार्क जास्त पडले की तू दोन दिवस गप्प असायचीस, पण ते तेवढंच. त्याला काही भांडण म्हणत नाहीत.

मग भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि दोन जागा शेजारी शेजारी आल्या. घर बांधायचं म्हटल्यावर पहिल्या दिवसापासून मला माडी हवी होती. खरं सांगते. आमच्या घरातल्यांना मी कागदावर जिना काढून दाखवला होता. खाली स्वयंपाकघर आणि पडवी, वर दोन खोल्या, पुढं गॅलरी. भाटघर धरणाचं पाणी चढलं की गॅलरीतून दिसावं, मुलीच्या मैत्रिणी आल्या की वर बसाव्यात, असं सगळं माझ्या मनात पक्कं होतं. आणि तू मला त्यातून बाहेर काढलंस. विहिरीवर धुणं धूत होतो, तुझे हात साबणात होते. म्हणालीस, "सुमे, म्हातारपणी कोण चढतंय वर? गुडघं गेल्यावर माडी म्हंजी नुसती धूळ. बैठं घर बरं. दोघींची बैठी, दोघींची सारखी. कुणी कुणाकडं मान वर करून बघायला नको."

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. मी घरी येऊन तो कागद चुलीत घातला. आमचं घर आधी उभं राहिलं. जुन्या घराची लाकडं आमच्या वाटणीला आली होती, म्हणून वर कौलं घातली. बैठं, चार खणांचं, उन्हाळ्यात गार. तू येऊन उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलंस आणि म्हणालीस, माझं बी असंच हुणार. तुझ्यावर स्लॅब पडायचा होता इतकंच. उंची तेवढीच.

मग तुझ्या स्लॅबचा दिवस आला. सकाळीच मिक्सर मशीन आली, वीस-बावीस माणसं रांगेत उभी राहिली. आपल्याकडची रीत, पहिलं घमेलं घरच्या बाईनं टाकायचं. दाजींनी नारळ फोडला. तू पदर खोचलास, डोक्यावर चुंबळ ठेवलीस आणि फळ्यांच्या उतारावरून वर गेलीस. मी खाली चहाची किटली घेऊन उभी होते. वरून तू हाक मारलीस, "सुमे, तू बी ये गं. तू बी एक घमेलं टाक."

मी म्हणाले, "म्या कशाला? माजं घर न्हाई ते."

तेव्हापासूनच जळत होते मी, अक्का. माडीचा तर विषयही निघाला नव्हता. माझ्या घराला कौलं होती, मला पहिलं घमेलं टाकायला मिळालं नव्हतं. एवढंसं कारण. पण ते आत रुतलं होतं. तू पुन्हा हाक मारलीस, मी किटली घेऊन मशीनवाल्याकडं वळले.

तू घमेलं ओतलंस आणि तशीच उभी राहिलीस. रिकामं घमेलं कमरेला लावून, आमच्या घराकडं तोंड करून. मागून दुसरी घमेली येत होती. शेवटी मिस्त्री ओरडला, "वैनी, बाजूला व्हा की, माल सुकतोय!" तेव्हा कुठं तू हललीस. मला वाटलं, माझी कौलं बघतेस. खाली आलीस तर चेहरा वेगळाच होता. संध्याकाळी माणसांची जेवणं चालू असताना सगळ्यांसमोर दाजींना म्हणालीस, "खांबाच्या सळया कापू नका. माडी काढायची."

माझ्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. दाजी बिचारे हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे. तू म्हणालीस, "थट्टा न्हाई. वर खोली पायजे आन खोलीला हिकडं खिडकी पायजे." आणि हात केलास तो नेमका माझ्या घराच्या दिशेनं.

दुसऱ्या दिवशी मी तुला बोळात गाठलं. काय काय बोलले ते आठवतं तुला? मी म्हणाले, मला खाली बसवलंस आणि स्वतः वर चढलीस. मी म्हणाले, माझ्या न्हाणीत डोकवायला खिडकी पाहिजे का? आईचं नाव काढलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच म्हणालीस, "एकदा वर ये, मंग कळंल."

मला ते जिव्हारी लागलं. वर आल्याशिवाय मला कळणार नाही! म्हणजे खाली राहणाऱ्याला अक्कल नाही. मी तिथंच बोलून गेले, "मेले तरी तुज्या माडीवर पाय ठिवणार न्हाई." आणि तो शब्द पाळला. अकरा वर्षं. एवढ्या निष्ठेनं मी सोमवारसुद्धा धरले नाहीत.

जिना बाहेरून काढलात, आपल्या बोळातून. सतरा पायऱ्या. मोजल्या नाहीत, ऐकल्यात. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच तो जिना वर जायचा. सकाळी चहा ठेवला की तुझी पावलं सुरू. चढायचीस, बरा वेळ काही आवाज नाही, मग उतरायचीस. पावसात, थंडीत, गौरीच्या गडबडीतसुद्धा. बांधकाम चालू असताना नजर लागू नये म्हणून तू काळी बाहुली टांगली होतीस, तीही अशी की तिचं तोंड बरोबर माझ्या पडवीकडं. मी तिला बघून रोज मनात म्हणायचे, बरोब्बर ओळखलंस गं बाई.

तुझ्या माडीनं माझं काय काय घेतलं, ते आज एकदा सांगते. गावानं तुझं नाव बदललं. आधी आपण दोघी 'थोरल्या' आणि 'धाकट्या' होतो, मग तू माडीवाली झालीस. आमच्याकडं पाहुणा आला तरी निजायला तुझ्याकडं, कारण तुझ्या वरच्या खोलीत वारा. शनिवार-रविवारी पुण्याची पोरं पाणी बघायला यायची, तुझ्या गॅलरीत उभी राहून फोटो काढायची आणि तू त्यांना ताक द्यायचीस. ताक माझंही चांगलं होतं. पण बैठ्या घराच्या पडवीत कोण फोटो काढणार?

आणि ते कौलांचं. दर वर्षी पावसाच्या आधी तू जिन्यावरून ओरडायचीस, "सुमे, वरच्या अंगाला तिसऱ्या वळीत कौल फुटलंय गं." सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. मला वाटायचं, आता ही वर बसून माझी फुटकी कौलं मोजणार. मी खालून म्हणायचे, "असू दे. माज्या घराला माज्या डोळ्यांनी बघीन." आणि मुद्दाम ते कौल बदलायची नाही. तू तुझ्या विकासला पाठवायचीस, "मावशीची फुटकी कौलं चाळून दे," आणि मी त्या पोराला चहा पाजून परत पाठवायचे.

माझ्या मनीषाला बघायला मंडळी आली तेव्हाचं विसरणं शक्य नाही. श्रावण होता. तू आदल्या दिवशी आली होतीस, म्हणालीस, "वरची खोली झाडून ठिवलीय. तितं बसव पावण्यांना. हितं गळंल." मी म्हणाले, माझी मुलगी माझ्याच घरातून जाईल. मंडळी माझ्या पडवीत बसली. पोह्यांच्या ताटल्या हातात आल्या, मनीषा खाली मान घालून बसली, आणि सर आली. तिसरी ओळ, वरचं अंग. बरोबर मुलाच्या वडिलांच्या खांद्यावर धार लागली. ते थोडे सरकले, धारही जशी काही त्यांच्यामागं सरकली. मी मेल्याहून मेले. तेवढ्यात बोळाच्या दारातून एक हात आला, त्या हातात काळी छत्री. तू आत आली नाहीस. नुसती छत्री पुढं केलीस. मुलाच्या वडिलांनी ती उघडली, घरात छत्री धरून पोहे खाल्ले आणि इतके हसले की तिथंच म्हणाले, मुलगी पसंत आहे. आजही ते व्याही आले की पहिली छत्री मागतात.

त्यावर मी तुझे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. छत्री दुसऱ्या दिवशी तुझ्या पायरीवर ठेवून आले. सर्वांत खालच्या.

आई गेली तेव्हा आपण दोघी एकाच जीपमधून गेलो, आठवतं? नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि तू माझा हात धरलास. मी सोडवला नाही. भाऊ नाही आपल्याला. आईच्या मागं दाराला कुलूप लावलं, किल्ली चुलत्यांकडं दिली. मग तू म्हणालीस, चल, जननीच्या देवळात जाऊन येऊ. आपल्या घरामागचं ते टेपाड चढताना दोघींना धाप लागली. लहानपणी नवरात्राच्या आधी बाबा देवळाला चुना द्यायचे, आणि आपण दोघी खालून पाण्याच्या कळश्या आणायचो. तुझी मोठी, माझी लहान. चुना हाताला लागला की कातडी सोलायची. पण देऊळ असं पांढरं दिसायचं की आई म्हणायची, "आता सुवासनीवानी दिसतीय जननी." त्या दिवशी देवळाच्या पायरीवर बसून तू रडलीस आणि म्हणालीस, "संपलं माहेर." मीही तेच म्हणाले. मला आत कुठंतरी एक समाधान होतं, सांगायला लाज वाटते, पण होतं. वाटलं, इतक्या वर्षांनी आपण दोघी पुन्हा सारख्या झालो. तुलाही माहेर नाही, मलाही नाही.

परत आल्यावर आठ-पंधरा दिवसांनी तू बोळात उभी होतीस. म्हणालीस, "सुमे, भांडण बाजूला ठिव. एकदा वर ये. वरनं आपलं..."

मी मधेच तोडलं. "आपलं काय न्हाई तितं. सगळं तुजं."

तू माझ्याकडं बघितलंस. त्यानंतर तू कधी ते वाक्य पुरं केलं नाहीस. तू काही कमी हट्टी नव्हतीस, अक्का. एका शब्दात सांगता आलं असतं. पण तुला सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. आणि मला बघायचं नव्हतं. एकाच आईच्या दोन मुली, एवढं मात्र खरंच सारखं.

मग दाजी गेले. विकास कंपनीच्या नोकरीसाठी पुण्याला राहायला गेला. तू एकटी, तेवढ्या मोठ्या घरात. तुझे गुडघे गेले. विहिरीवर मला जे म्हणाली होतीस ते तुझ्याच वाट्याला आलं. मी भिंतीपलीकडून ऐकायचे. पावलांचा आवाज बदलला. आधी टाप टाप, मग एक पाय, थांबणं, दुसरा पाय. मग तू बसून चढायला लागलीस, पायरीवर बूड टेकायचं आणि हातांनी स्वतःला वर उचलायचं. लहान मूल चढतं तसं, पण पाठमोरं. माझा चहा उकळून आटायचा, तरी तुझ्या सतरा पायऱ्या संपायच्या नाहीत. आमच्या घरातले एकदा म्हणाले, "जा की, हात दे तिला." मी म्हणाले, "हौस हाय तिची. माडी दाखवायची हौस." असं म्हणाले मी. शब्द परत घेता येत असते तर हे आधी घेतले असते.

गेल्या दोन महिन्यांत डॉक्टरांनी तुला जिना बंद केला. तुझी खाट खालच्या खोलीत, माझ्या भिंतीला लागून. मी रोज पेज घेऊन यायचे, तुझी वेणी घालायचे. केस किती कमी झाले होते तुझे. तेवढ्या दिवसांत आपण कितीतरी बोललो. माडी सोडून सगळ्यावर. त्या मंगळवारी मी तुझे पाय चेपत होते. तू म्हणालीस, "सुमे, एक काम करशील?"

"सांग की."

"वर जाऊन ये. खिडकीपाशी उभी ऱ्हा. काय दिसतंय त्ये बघ आन मला येऊन सांग. लई दिस झालं, बघितलं न्हाई."

मी तुझ्या पायांवरचे हात काढले नाहीत. म्हणाले, "माजे बी गुडघे दुखत्यात गं."

माझे गुडघे दुखत नाहीत, अक्का. तुलाही ते माहीत होतं. आदल्या दिवशीच मी डोक्यावर गवताचा भारा घेऊन वरच्या रानातून आले होते, तू खाटेवरून खालच्या खिडकीतून बघितलं होतंस. तू मान फिरवलीस. म्हणालीस, "बरं, ऱ्हाऊ दे." शुक्रवारी सकाळी तू गेलीस. मी पेज घेऊन आले तेव्हा ती गरम होती.

आज सकाळी विकास निघाला. बायकोनं पिशव्या गाडीत भरल्या, तो घराला कुलपं लावत हिंडत होता. जिन्याच्या तोंडाशी आला आणि म्हणाला, "मावशी, वरचं बी लावून टाकतो. आता वर कोण जातंय?"

मी म्हणाले, "थांब. किल्ली दे."

तो माझ्याकडं बघतच राहिला. त्यालाही माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. किल्ली देताना म्हणाला, "आई रोज तितं बसून एक पांढरं काय तरी बघायची. पांढरं दिसलं की म्हणायची, झाला आजचा दिवस. मला कधी दिसलं न्हाई, माजा चष्मा असा."

मी चढले. सतरा पायऱ्या माझ्या निरोगी गुडघ्यांनी चढले. मधल्या पायऱ्यांच्या कडा गुळगुळीत झाल्यात, तिथं तू हात टेकत होतीस. वर गेल्यावर पहिल्यांदा खोली बघितली, आणि खरं सांगू, पुन्हा जळले. किती हवेशीर खोली! माझ्या कागदावर होती अगदी तशी. खिडकीपाशी एक लोखंडी खुर्ची, तिच्यावर तुझ्या जुन्या लुगड्याची घडी. मी बसले आणि बाहेर बघितलं.

धुकं. पाण्यावरून उठलेलं धुकं खिडकीपर्यंत आलेलं. काहीसुद्धा दिसत नव्हतं. मला हसूही आलं आणि संतापही. अकरा वर्षं जिच्यासाठी भांडलो ती ही खिडकी. खाली विकासनं हॉर्न वाजवला, मी वरूनच हात केला, त्याला दिसला का कोण जाणे. गाडी गेली. मी बसून राहिले.

ऊन आलं तसं धुकं फाटत गेलं. आधी माझं घर दिसलं. मग गावापुढचं टेकाड, त्यावरचे साग. त्यांच्या शेंड्यांवरून पलीकडं डोंगराची धार, आणि धारेत एक खिंड. हीच आपली पायवाटेची खिंड, लग्नानंतर माहेराला चालत जायचो ती. खालून ती कधी दिसत नाही, टेकाड आडवं येतं. मी पांढरं शोधत होते. नव्हतं. खिंडीतून लांबवर एक टेपाड दिसत होतं, दोन उंचवट्यांचं, मधे खोलगट. पुन्हा बघितलं. मग मी खुर्चीवरून उठले. जननीचं टेपाड, अक्का! आपल्या माहेरच्या घरामागचं. तिथून डाव्या हाताला खाली आपलं दार.

आता कळलं. पहिलं घमेलं टाकताना तुला हे दिसलं. म्हणून तू हाक मारत होतीस. म्हणून खिडकी इकडं. आणि मी किटली घेऊन उभी. आई होती तेव्हाही तू रोज हे बघत होतीस, आई गेल्यावर तर जास्तच. मला वाटत होतं, दोघींचं माहेर संपलं. तुझं संपलं नव्हतं. तुझ्याकडं रोज सकाळी होतं आणि माझ्याकडं बोळ आणि भिंत होती. मी खिडकीचे गज धरून रडले. तुझ्यासाठी रडत होते की जळून रडत होते, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. आजही जळते तुझ्यावर. अकरा वर्षं गं, अक्का. अर्धी तरी मला मिळायला हवी होती.

पण तू एक काम सांगितलं होतंस. उशीर झाला, तरी सांगते, काय दिसतं ते.

पाणी पार खाली गेलंय, काठावर कुणीतरी नांगर धरलाय. माझ्या घरावरची पाच कौलं फुटलीत. तिसऱ्या ओळीतलं तर पार दुभंगलंय. या पावसाच्या आधी बदलते. खिंडीत अजून थोडं धुकं आहे. टेपाडावर आपलं देऊळ आहे. विकास म्हणाला तसं पांढरं मी शोधत होते, म्हणून आधी ते मला दिसलंच नाही. देऊळ पांढरं राहिलेलं नाही, अक्का. कुणीतरी त्याला पिवळा रंग दिलाय. झेंडूसारखा पिवळा. ताजाच असणार, तू जिना चढायची थांबलीस त्यानंतरचा, नाहीतर वेणी घालताना तू मला सांगितल्याशिवाय राहिली नसतीस.

हे तू बघितलेलं नाहीस. आपल्या दोघींत हे फक्त मी बघितलंय. त्या मंगळवारी मी सतरा पायऱ्या चढले असते, तर ही बातमी खाली येऊन तुला मी सांगितली असती, आणि जन्मात एकदा तरी तू माझ्यावर जळली असतीस.